दारातल्या बाईंचं काम

१

रविवारी दुपारी आमच्या दिवाणखान्यात सासूबाईंचा खून झाला. तो पुन्हापुन्हा करावा लागला, कारण सासूबाई वेळेवर मरायला तयार नव्हत्या.

विषारी चहाचा घोट घ्यायचा, छातीवर हात ठेवायचा आणि सोफ्यावर मान टाकायची, एवढंच त्यांचं काम होतं. पण त्या आधी कप बशीत नीट ठेवायच्या, मग शाल सारखी करायच्या, मग मारेकऱ्याला चार शब्द सुनवायच्या, आणि त्यातच चहा गार झाल्याची तक्रारही करायच्या.

"आई, विष प्यायलेलं माणूस इतकं बोलत नाही!" मेव्हणा कॅमेऱ्यामागून ओरडला.

"तू कधी प्यायलायस विष?"

"नाही."

"मग गप्प बस. माझं मरण मला कळतं."

सासूबाई आमच्याकडे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आल्या आणि राहिल्या. त्यांना बघायला मेव्हणा आला आणि तोही राहिला. माझं चष्म्यांचं दुकान आहे. बायको शाळेत गणित शिकवते. मेव्हणा वॉशिंग मशीनच्या कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकतो. दिवसभर शिव्या खाल्ल्यावर संध्याकाळी त्याच्यातला कलावंत जागा व्हायचा, आणि तो जागा झाला की घरातल्या कुणाचीच धडगत नसायची. 'चहा कुणी केला?' या रहस्यपटात सासूबाई श्रीमंत विधवा होत्या, बायको संशयित भाची होती, आणि मी दुकानातलं भिंग घेऊन फिरणारा डिटेक्टिव्ह. कॅमेरा, दिग्दर्शन, संकलन वगैरे सगळं मेव्हण्याचं. श्रेयनामावलीत त्याचं नाव इतक्यांदा होतं की ती खुनापेक्षा लांबली होती.

संध्याकाळी फिल्म साइटवर चढवायचा सोहळा झाला. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, भोवती आम्ही चौघं. पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. मध्येच साइटनं विचारलं, ही फिल्म लहान मुलांसाठी आहे का?

"हो म्हण," सासूबाई म्हणाल्या. "आजी कशी मरते ते बघून जरा वळण लागेल."

फिल्म चढली. पहिला तास ती आम्हीच आलटूनपालटून आपापल्या फोनवर बघितली. मग पहिली कमेंट आली, कुणातरी अगदी अनोळखी माणसाची. मेव्हण्यानं ती उभं राहून वाचून दाखवली.

"कथा ठीक. पण दारातल्या बाईंचं काम अप्रतिम. नजर हलत नाही."

"दारातली बाई म्हणजे मीच ना?" सासूबाईंनी विचारलं.

"तू सोफ्यावर होतीस, आई."

"मग दारात कोण होतं?"

दारात कुणी नव्हतं. घरात आम्ही चौघंच होतो, आणि चौथा कॅमेऱ्यामागे होता.

२

फिल्म पुन्हा लावली. सोफ्याच्या मागे स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. दाराच्या कडेला हुकाला टॉवेल लटकत होता. मी डिटेक्टिव्हच्या भूमिकेत त्या टॉवेलासमोरून फेऱ्या मारत होतो आणि माझं पोट माझ्या अपेक्षेपेक्षा बरंच पुढे होतं. बाई नव्हती.

"टॉवेललाच बाई समजला असेल," मी म्हणालो. "नंबर वाढला असेल बिचाऱ्याचा."

"दुसऱ्या कुठल्यातरी फिल्मची कमेंट चुकून इथे आली असेल," मेव्हणा म्हणाला.

दोन्ही खुलासे आम्हाला पटले. दुसऱ्या दिवशी आणखी कमेंट आल्या. 'मागे उभ्या असलेल्या ताईंना पुढच्या फिल्ममध्ये मोठी भूमिका द्या.' 'बाकीचे अभिनय करतात, त्या नुसत्या असतात.' 'दारातल्या बाईंसाठी परत परत बघितली.' आकडा चढत होता. मेव्हणा दर तासाला तो आम्हाला ओरडून सांगत होता.

सासूबाईंचं बिनसलं. एवढं जिवावर उदार होऊन मेल्या, आणि त्यांच्या मरणाबद्दल कुणी एक ओळ लिहायला तयार नव्हतं.

मग बायकोच्या मावशीचा फोन आला. बायकोनं तो स्पीकरवर टाकला.

"काय गं, घरात बाई ठेवलीस आणि सांगितलं नाहीस? चांगली उंच आहे."

"कुठली बाई, मावशी?"

"तुमच्या फिल्ममधली गं. दारात उभी आहे ती."

"मावशी, दारात टॉवेल आहे."

"मला टॉवेल आणि बाई यातला फरक कळतो." मावशी दुखावली. "टॉवेल तिच्या हातात आहे. केस पुसतेय ती."

बायकोनं फोन ठेवला. आम्ही चौघांनी एकाच वेळी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. टॉवेल हुकालाच होता. मेव्हणा उठला, त्यानं टॉवेलाला बोट लावलं आणि ते बोट पँटला पुसलं.

"कोरडा आहे का?" मी विचारलं.

"घरात कपडे कधी नीट वाळतात का, भावोजी?" तो म्हणाला.

३

माझ्या धंद्यात माणूस एक गोष्ट पहिल्यांदा शिकतो. समोर अक्षरांचा तक्ता लावला की अर्धी माणसं दिसणारं अक्षर दिसत नाही म्हणतात, आणि उरलेली न दिसणारं ठोकून देतात. त्यामुळे दिसणं या प्रकारावर माझा फारसा विश्वास राहिलेला नाही. काच, पडदा, उजेडाचा कोन, डोळ्यांचा थकवा. काहीतरी असणार, आणि जे काही असेल ते माझ्याच धंद्यातलं असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली.

माझ्या दुकानाला लागून सलून आहे. सलूनवाला गिऱ्हाईक नसलं की माझ्याकडे येऊन बसतो. त्याचे डोळे मीच तपासलेत, ठणठणीत आहेत. मी त्याला काहीही न सांगता फिल्म लावून फोन हातात दिला.

तो आधी माझ्या पोटाला हसला. मग हसायचा थांबला आणि फोन जवळ घेतला.

"ह्या बाईंनी केस कधी कापलेलेच नाहीत, साहेब," तो म्हणाला. "घोट्यापर्यंत आलेत. आणि ओले आहेत बघा. खाली पाणी साठलंय."

"कुठल्या बाई?"

"ह्या काय." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. त्याच्या बोटाखाली मला स्वयंपाकघराचं रिकामं दार दिसत होतं.

"मला फक्त दार दिसतं," मी म्हणालो.

त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "चष्मेवाल्याला दिसत नाही! हा विनोद पाटीवर लिहा दुकानाच्या."

मीही हसलो. मग सहज म्हणून विचारलं, "बघते कुणाकडे ती? मेलेल्या सासूबाईंकडे?"

"छे. तुमच्यापैकी कुणाकडेच नाही." त्यानं पुन्हा नीट बघितलं. "भिंतीकडे बघते. मग छताकडे. मग खिडकीकडे. भाड्यानं घर घ्यायला आलेलं माणूस बघतं ना, तसं."

४

त्या दिवशी मी घरी एकच ठराव मांडला. दाराचा भाग कापा. दार नाही तर बाई नाही.

मेव्हण्यानं तोंड वाकडं केलं, पण कापलं. आता खून फक्त सोफ्यावर होता, जवळून घेतलेला, मागे कोरी भिंत. सासूबाई खूश झाल्या, कारण आता सगळा पडदा त्यांचा होता. जुनी फिल्म काढून नवी चढवली.

सकाळी बायको दात घासताना कमेंट वाचत होती. ब्रश तोंडात तसाच ठेवून ती बाहेर आली आणि फोन माझ्या पुढ्यात धरला.

'ही आवृत्ती जास्त चांगली. बाईंना दारातून सोफ्यावर आणलं ते बरं केलं. आजींना थोडी अडचण होतेय, पण सांभाळून घेतात.'

ही कमेंट आम्ही सासूबाईंना वाचून दाखवली नाही. त्यांनी ती आपली आपण वाचली. मोतीबिंदूचं ऑपरेशन मीच आग्रहानं करून घेतलं होतं.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "मरताना उजव्या अंगाला दाटल्यासारखं होत होतं."

त्यानंतर घरात एक गंमत सुरू झाली. स्वयंपाकघराच्या दारातून आत जाताना मी जरा तिरका होऊन जायला लागलो. का, ते मला विचारू नका. दाराला रुंदी भरपूर आहे. मग माझ्या लक्षात आलं, की बायकोही तिरकी जाते. एकदा मेव्हणा चहाचा कप घेऊन आतून बाहेर आला, दारात किंचित थांबला आणि पुटपुटला, "जरा सरकता का?" मी पेपर वाचत होतो. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हालाच म्हणालो, भावोजी." मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतो. मी थोडा सरकलो.

संध्याकाळी दिवे लावायच्या सुमाराला आतून एक आवाज यायचा. ओल्या केसांतून कंगवा ओढल्यासारखा, लांबच लांब, मध्ये गुंता लागून अडकणारा. मी फ्रीज भिंतीपासून पुढे ओढला, मागची जाळी पुसली, परत ढकलला. फ्रीजचा आवाज होता तो. निदान फ्रीजमागे धूळ भरपूर होती, त्यामुळे माझा खुलासा अगदीच पोकळ नव्हता.

"फिल्म काढून टाक," बायको भावाला म्हणाली.

"ताई, अगं लोक बघतायत! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं काहीतरी बघतंय."

"तुझं नाही बघत. तिचं बघतायत."

मेव्हण्यानं लॅपटॉप मिटला. ते त्याला लागलं. बायकोलाही कळलं की जरा जास्तच झालं, पण गणिताच्या बाईंना उत्तर बरोबर असेल तर परत घेता येत नाही.

५

तोड काढली ती सासूबाईंनी.

"मी बोलते तिच्याशी," त्या म्हणाल्या.

"कुणाशी?"

"त्या बाईशी. भांडण नाही, तंटा नाही. समोर बसून दोन शब्द बोलायचे. पुष्कळ गोष्टी बोलून मिटतात. बाळ्या, कॅमेरा लाव."

बाळ्या म्हणजे मेव्हणा. त्याचे डोळे चमकले. दुपारच्या लख्ख उजेडात दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. एकीत सासूबाई, इस्त्रीची शाल घेऊन. दुसरी रिकामी.

इथे एक सांगायला हवं. सासूबाईंना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, आणि ते कबूल करायची त्यांची तयारी नाही. न ऐकलेल्या बोलण्यावर त्या मान डोलावून "हो हो" म्हणतात. या 'हो हो'मुळे आमच्याकडे नको असलेल्या वस्तू विकणारी कितीतरी माणसं पुन्हापुन्हा येतात.

"हे बघा बाई," सासूबाईंनी सुरुवात केली. "तुम्ही कोण, कुठल्या, मला ठाऊक नाही. पण न विचारता दुसऱ्याच्या सीनमध्ये उभं राहणं चांगलं दिसत नाही. मनात काय असेल ते मोकळेपणानं बोला."

मेव्हण्यानं हातानं खूण केली, थांब, तिला बोलायला जागा दे. सासूबाई थांबल्या. रिकाम्या खुर्चीकडे लक्ष देऊन बघत राहिल्या. मग मान डोलावली.

"हो हो," त्या म्हणाल्या.

पुन्हा शांतता. फक्त पंखा.

"बसा की. खुर्ची तुमच्यासाठीच ठेवलीय."

शांतता.

"छे छे. आमची कसली हरकत!"

मेव्हणा अंगठा उंचावून त्यांना शाबासकी देत होता. मला मान्य केलं पाहिजे, काम फार सुंदर चाललं होतं. सासूबाई मध्येच हसत होत्या, मध्येच भुवया उंचावत होत्या. समोर कुणीतरी बसलंय असं मलाही क्षणभर वाटून गेलं, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागलो.

"सगळी, सगळी. सामानासकट," सासूबाई म्हणाल्या. मग जरा विचार करून, अगदी खात्रीनं, "शनिवारी संध्याकाळी. नक्की."

"कट!" मेव्हणा ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "आई, तू आजवर कुठे होतीस?"

"स्वयंपाकघरात," सासूबाई म्हणाल्या. "आता चहा करा कुणीतरी. आणि खरा करा."

६

या फिल्मला जेवढी माणसं आली तेवढी आमच्या लग्नालाही नव्हती. कमेंट वाचता वाचता मेव्हण्याचा अंगठा दुखायला लागला. 'दोघींची जुगलबंदी!' 'आजींचा भोळेपणा खरा वाटतो.' 'आपण काय कबूल करून बसलो हे आजींना शेवटपर्यंत कळत नाही, हसून मुरकुंडी वळली.'

ही शेवटची कमेंट मी दोनदा वाचली. मग फोन खिशात टाकून सलूनमध्ये गेलो. सलूनवाला रिकामाच बसला होता.

"ऐक आणि सांग," मी म्हणालो. "ती काय बोलते ते. शब्दन् शब्द."

त्यानं आवाज वाढवून फोन समोर धरला आणि दोघींचे आवाज काढून सांगायला लागला. हौशी माणूस.

"बाई म्हणते, 'मला घर पसंत आहे.' आजी म्हणतात, 'हो हो.' बाई म्हणते, 'जरा बसून बघू का?' आजी म्हणतात, 'बसा की.' ती म्हणते, 'मी कायमची राहायला आले तर?' आजी म्हणतात, 'छे छे, आमची कसली हरकत!'" सलूनवाल्याला हसू आवरत नव्हतं. "मग ती म्हणते, 'आणि ही माणसं? ही सगळी जातील ना?' आजी म्हणतात, 'सगळी, सगळी. सामानासकट.' 'कधी निघाल?' 'शनिवारी संध्याकाळी. नक्की.' काय लिहिलंय हो! कुणी लिहिलं?"

"मग?"

"मग काय, संपलं." तो अजून पडद्याकडे बघत होता. "शेवटी ती तेवढी हसते."

त्याचं स्वतःचं हसणं मावळलं. त्यानं फोन उलटा करून आरशासमोरच्या फळीवर, कंगव्यांच्या बाजूला ठेवला.

"इतका वेळ मला वाटत होतं, दिसायला बरी आहे," तो म्हणाला, आणि उगाचच कात्री पुसायला लागला.

७

घरी मी सगळं सांगितलं. बायकोनं माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं आणि मग शांतपणे म्हणाली, "घर आपलं आहे. कागद आपल्या नावावर आहेत."

"दाखवायचे कुणाला?" मी विचारलं.

मग मी सासूबाईंकडे वळलो.

"सासूबाई, तुम्ही शनिवार का म्हणालात?"

"काहीतरी म्हणायला हवं होतं. मला वाटलं, पुढचं शूटिंग कधी म्हणून विचारत असेल."

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" बायको पहिल्यांदा आईवर चिडली. "सांग तिला, शब्द परत घेतला म्हणून."

"शब्द परत घेत नसतात."

"अगं पण तुला प्रश्न ऐकू आला नव्हता!"

"उत्तर तर मीच दिलं ना?" सासूबाई ताठ बसल्या. पण त्यांचा हात शालीच्या काठाशी चाळा करत होता. "आणि मला ऐकू आला नव्हता असं कोण म्हणतं?"

आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी पुढे काही सांगितलं नाही आणि विचारायला आमची छाती झाली नाही.

मेव्हण्यानं आपण होऊन दोन्ही फिल्म काढून टाकल्या. काढताना मी त्याच्या शेजारी बसलो होतो. एवढे आकडे एका बोटानं पुसायचे म्हणजे काय, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी त्याला म्हणालो, "चांगली होती रे फिल्म." मी हे पहिल्यांदा म्हणालो. तो म्हणाला, "तुमचं पोट कापायला हवं होतं," आणि उठून गेला.

शनिवार उजाडला. आम्ही सुशिक्षित माणसं आहोत. भिऊन घर सोडायचं, ही कल्पनाच हास्यास्पद होती. त्यामुळे घर सोडायचं असं कुणी बोललं नाही. फक्त मला अचानक आठवलं, की दुकानातल्या फ्रेम मोजायच्या राहिल्या आहेत आणि त्या आजच संध्याकाळी मोजल्या पाहिजेत. बायको म्हणाली, मोजायचंच असेल तर मी येते, तुमचं गणित कच्चं आहे. मेव्हणा म्हणाला, दोघांनी होणार नाही. सासूबाई म्हणाल्या, मी एकटी घरी बसून काय करू? दुकान उघडल्यापासून या तिघांनी मला कधी एक काडी उचलून मदत केली नव्हती.

प्रत्येकानं एकेक बॅग घेतली. फ्रेम मोजायला बॅग कशाला, हे कुणी कुणाला विचारलं नाही. निघताना बायको दारापाशी घुटमळली. तिनं मागे वळून खोलीभर नजर फिरवली, सोफा, खुर्च्या, खिडकीतलं झाड. मग आत जाऊन हुकाचा टॉवेल काढला, धुतलेला घडीचा टॉवेल तिथे लावला, आणि डोळे पुसत माझ्या आधी जिना उतरली. कुलूप मी लावलं.

८

दुकानात मी शटर अर्धं खाली ओढलं. बाहेर अजून उजेड होता, रस्त्यावर माणसं होती, शेजारी सलूनमधलं मशीन गुरगुरत होतं. बॅगा आम्ही मागे, डोळे तपासायच्या खोलीच्या दाराशी ठेवल्या आणि काउंटरपाशी स्टुलांवर बसलो. भिंतीभर रिकाम्या फ्रेम आमच्याकडे बघत होत्या.

"एक," बायकोनं मोजायला सुरुवात केली.

मेव्हण्याचा फोन वाजला. त्यानं बघितलं आणि तो हळूच काउंटरवर ठेवला.

"आपल्या खात्यावर नवी फिल्म आलीय," तो म्हणाला. "मी नाही टाकली."

"पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?" बायकोनं विचारलं.

"मला."

"लाव," सासूबाई म्हणाल्या.

फिल्मला नाव नव्हतं. आमचा दिवाणखाना होता. दिवा लागलेला. सोफ्यावर आमच्याकडे पाठ करून कुणीतरी बसलं होतं, आणि आम्हाला ते दिसत होतं. चौघांनाही. बायकोनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिची नखं रुतली.

चेहरा दिसत नव्हता. सोफ्याच्या पाठीवरून खाली केस सोडलेले होते, जमिनीपर्यंत, आणि त्यांच्या टोकांशी फरशी चकाकत होती. कंगवा वरून खाली येत होता, अडकत होता, पुन्हा येत होता. तोच आवाज. फ्रीजवर मी उगाच आळ घेतला होता.

चित्र थोडं हलत होतं. कॅमेरा कुणाच्यातरी हातात होता. बायकोनं भावाकडे बघितलं. त्याचे दोन्ही हात काउंटरवर होते, आणि तोही आपल्या हातांकडेच बघत होता.

फिल्ममध्ये बेल वाजली. आमच्याच दाराची बेल. कंगवा थांबला. ती उठली आणि बाजूला, चित्राबाहेर गेली. कडी सरकल्याचा आवाज आला. मग आम्ही तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर असेल. आवाज अगदी साधा होता, शेजारपाजारचा.

"आलात?" ती म्हणाली. "या. किती वाट बघायची माणसानं!"

चित्रात माणसं आली. आधी मी, मग मेव्हणा, मग बायको. अंगावर आम्ही आत्ता घातलेलेच कपडे. दमल्यासारखी, पण खूश, लांबच्या प्रवासातून घरी आल्यावर माणसं असतात तशी. त्या बाईनं माझ्या हातातली बॅग घेतली तेव्हा मी हसून काहीतरी म्हणालो. शेवटी सासूबाई आल्या, त्यांनी शाल सारखी केली आणि आतून दार लावून घेतलं.

फिल्म संपली.

सलूनमधलं मशीन बंद पडलं होतं.

"कमेंट आलीय," मेव्हणा म्हणाला.

"वाचू नकोस," बायको म्हणाली.

त्यानं वाचली. सवय वाईट.

"सगळे सुखरूप घरी पोचले. बरं वाटलं."

सासूबाईंनी घसा खाकरला. "बाळ्या, बॅगा आहेत ना रे मागे?"

"बघतो," मेव्हणा म्हणाला, आणि बघितलं नाही.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मीही मागे मान वळवली नाही. खरं तर वळवायचीही गरज नव्हती. चष्म्याच्या दुकानात चहूकडे आरसे असतात, काउंटरवर, खांबांवर, प्रत्येक कपाटाच्या दाराला. नुसती नजर वर केली असती तरी बॅगा दिसल्या असत्या, आणि काउंटरपाशी कोणकोण बसलंय, मुळात कुणी बसलंय का, तेही दिसलं असतं.

आम्ही चौघं खाली, फरशीकडे बघत बसून राहिलो.